एकाहत्तर नंबरची जर्सी

ब्रोडेक, नेब्रास्का
१४ नोव्हेंबर १९९४

प्रिय वेंडेल,

मुद्दामच फोन केला नाही. फोनवर तू "हो मामा, हो मामा" म्हणतोस आणि रिसिव्हर ठेवला की विसरतोस. कागद टेबलावर पडून राहतो आणि येता-जाता डोळ्यांत खुपतो, म्हणून पत्र.

सोबत व्हिडिओ टेप आहे. गेल्या महिन्यातली, आपल्या मैदानावरची हंगामातली शेवटची मॅच. कॅमेरा पोस्टातल्या झ्देन्काबाईंच्या हातात होता, त्यामुळे मधली पाच मिनिटं तिच्या बुटांची आहेत. तेवढी सोडून दे आणि चव्वेचाळीस नंबरकडे बघ. एफ्राईन ओसुना त्याचं नाव, गाव त्याला एफी म्हणतं. आई टर्कीच्या कारखान्यात कामाला असते. तिच्या माहेरी मेक्सिकोत फुटबॉल पायानं खेळतात. पोरगा चेंडू काखेत मारून धावतो आणि समोरचे त्याच्या अंगावर पडतात, हे तिनं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती थेट मैदानात घुसली होती. आता पहिल्या रांगेत बसून माझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडते.

वेंडेल, अडतीस वर्षं मी या गावात पोरांना खेळवतोय आणि अडतीस वर्षं एकच गोष्ट बोंबलून सांगतोय, राज्याच्या विद्यापीठाची टीम राज्यातल्या पोरांची असली पाहिजे. तुझा नवा साहेब कॅलिफोर्नियाहून आला आणि फ्लोरिडा-टेक्सासला खेटे घालतोय. त्याला म्हणावं, इथून दोन तासांच्या रस्त्यावर असा पोरगा आहे की फ्लोरिडावाल्यांनी तोंडात बोटं घालावीत. आपल्या मातीतला पोरगा आहे. शिष्यवृत्तीची एक जागा त्याला मिळाली तर तो शिकेल, नाहीतर जूनपासून आईच्या शेजारी उभा राहून टर्की कापेल. कारखान्यानं त्याचं नाव लिहूनसुद्धा ठेवलंय.

तुला टीमच्या त्या ऑफिसात खुर्ची मिळालीय ती गरम करण्यासाठी नाही.

तुझा,
लुडविकमामा

*

प्लॅट स्टेट विद्यापीठ, फोर्ट हॅडली
२८ नोव्हेंबर १९९४

प्रिय मामा,

पत्र टेबलावर होतं आणि खुपलंही. आता माझं ऐक, आणि मधे-मधे "पण" म्हणू नकोस, कारण तू वाचताना मोठ्यानं बोलतोस हे मला माहीत आहे.

मुख्य कोच क्रेनशॉ साहेबांच्या खोलीत भिंतभर देशाचा नकाशा आहे. बाहेरच्या राज्यातला पोरगा घेतला की लाल टाचणी, नेब्रास्कातला घेतला की हिरवी. सतरा लाल आहेत, हिरव्या दोन, दोन्ही ओमाहात. यंदाच्या वीस जागांपैकी एकच उरलीय आणि ती फ्लोरिडाच्या टेरेन्स विगफॉलसाठी राखून ठेवल्यासारखी आहे. साहेब वाईट माणूस नाही. तो म्हणतो, "वेंडेल, अख्ख्या देशात पोरं असताना मी फक्त अंगणात का शोधू?" तुझं मातीचं उत्तर दिलं तर तो म्हणतो, माती मी मका पिकवायला वापरतो.

तरी तुझी टेप त्यानं पाहिली. माझ्या खोलीत मी बघत होतो आणि तो सँडविच खात आत आला. आधी म्हणाला, हे काय, आठ-आठ जणांचा खेळ? बाकीचे तीन कुठे गेले? मी म्हटलं, आमच्या गावात अकरा पोरं जमवायची तर दोन म्हातारे घ्यावे लागतील. हसला. मग हसायचा थांबला, सँडविच खाली ठेवलं आणि खुर्ची ओढली. मॅच संपल्यावर म्हणाला, "पहिल्या हाफातला तो चेंडू घेऊन पळणारा चव्वेचाळीस चांगला आहे. पण मला जास्त आवडला दुसऱ्या हाफातला एकाहत्तर, समोरच्यांना आडवं करणारा. एका खेड्यात असे दोन? यातला कोण घ्यावा, तू सांग."

मामा, त्याला कुठून माहीत असणार की ब्रोडेकमध्ये शेवटच्या मॅचला मध्यंतरानंतर शेवटच्या वर्षाची पोरं आपापल्या बापाची जुनी जर्सी घालून उतरतात? चव्वेचाळीस आणि एकाहत्तर हा एकच पोरगा आहे हे मला पहिल्या धावेला कळलं. आणि मी गप्प बसलो. दोन पोरं वाटतायत तर वाटू देत, निदान तो ब्रोडेकचं नाव तरी घेतोय, असं वाटलं.

आता दुसरी गोष्ट. एकाहत्तर तुझा नंबर. बाबा गेल्यावर माझ्या शेवटच्या मॅचला ती जर्सी तू ट्रंकेतून काढून मला घातलीस. नंतर माझ्या कॉलेजच्या कागदावर वडिलांच्या सहीची ओळ आली तेव्हा मात्र तू पेन खाली ठेवलंस, आणि ओळ तशीच राहिली. कागद तसाच चालला, त्याचं काही अडलं नाही. पण अठरा वर्षांनी टेपवर ती जर्सी दुसऱ्या कुणाच्या अंगावर दिसली आणि मला खरंच लागलं. छत्तीस वर्षांचा घोडा झालोय, हसू नकोस. निदान कळवायचं तरी.

तुझा,
वेंडेल

*

ब्रोडेक
५ डिसेंबर १९९४

प्रिय वेंडेल,

तू गप्प बसलास? तुला मी हे शिकवलं? पंच चुकून आपल्या बाजूनं शिट्टी मारायचा तेव्हा मी स्वतः मैदानात जाऊन सांगायचो आणि तुम्ही पोरं मला शिव्या द्यायचात. आणि तू तिथे साहेबासमोर तोंडात मिठाची गुळणी धरून बसतोस. हे पत्र मिळाल्याबरोबर त्याच्या खोलीत जा आणि सांग. एफी एकटा पुरेसा आहे, त्याला खोटा जोडीदार नको.

जर्सीचं म्हणशील तर चुकलंच माझं. एफीचा बाप तो चार वर्षांचा असताना ट्रकच्या अपघातात गेला. मध्यंतरात बाकीची पोरं बापांच्या जर्स्या घालत होती आणि हा बुटाची नाडी बांधत बसला होता. चार वेळा बांधली आणि चार वेळा सोडली. तू कसा आपलं हेल्मेट पुसत बसला होतास, अगदी तसाच. मला दुसरं काही सुचलं नाही. ट्रंक गाडीतच होती. ती गाडीत का होती असं विचारशील, तर मी सकाळीच ठेवली होती. आधी तुला विचारायला हवं होतं, पण तू नाही म्हणालास तर काय, ही धास्ती होती.

कागदावरच्या सहीबद्दल आत्ता लिहीत नाही.

झ्देन्काबाई विचारत होती की तुझं पत्र एवढं जाड का. पाकिटाला डिंक कमी लागलाय असंही म्हणाली. डिंक जास्त लावत जा.

मामा

*

फोर्ट हॅडली
१९ डिसेंबर १९९४

प्रिय मामा,

अजून सांगितलेलं नाही. रागावून घे, मग पुढे वाच.

तीनदा दारापर्यंत गेलो. तिसऱ्यांदा साहेब स्वतःच बाहेर आला आणि म्हणाला, दहा जानेवारीला मी ब्रोडेकला जातोय, दोन्ही पोरं बघायला. तू त्याच दिवशी फ्लोरिडाला जा आणि विगफॉलला शेवटचं बघून ये. मामा, सात वर्षांत हा विद्यापीठाचा पहिला मुख्य कोच जो ब्रोडेकच्या रस्त्याला लागतोय. मी तोंड उघडलं आणि त्यानं बेतच रद्द केला तर?

शिवाय एक फॉर्म भरायचाय. एफीचं जन्मगाव काय, आणि राज्यात कधीपासून? तू पहिल्या पत्रात "आपल्या मातीतला" लिहिलंस, पण कुठल्या इस्पितळातला ते लिहिलं नाहीस. ग्रँड आयलंड टाकू का?

वेंडेल

*

ब्रोडेक
२७ डिसेंबर १९९४

वेंडेल,

ग्रँड आयलंड टाकू नकोस.

लरेडो टाक. टेक्सास. राज्यात दोन वर्षं आणि चार महिने.

आता हस. खुर्चीवरून पडेपर्यंत हस. मी इथे बसून ऐकतोय. अडतीस वर्षं मातीमाती करून माझ्या हाताला लागलेला सगळ्यात चांगला पोरगा टेक्सासचा निघाला. तिकडच्या शाळेत पंधराव्या वर्षी त्याला टीममधून काढलं होतं, अंगानं बारीक आहे म्हणून. इथे आल्यावर गावातल्या बायकांनी त्याला दोन वर्षं गोड सारणाचे कोलाचे पाव आणि डुकराचं भाजलेलं मांस खाऊ घातलं, मग तो वाढला. म्हणजे निम्मा तरी आपला आहे. पण कागदावर निम्मा लिहायची सोय नसते.

हे मी तुझ्यापासून लपवलं, कारण तू साहेबाला सांगितलंस तर तो म्हणेल, टेक्सासचा पोरगा हवा तर मी थेट टेक्सासलाच जातो. तुला खरं बोलायला सांगणारा मीच, आणि मीच लपवतोय, हे नाताळच्या प्रार्थनेत माझ्या लक्षात आलं. पाद्री काय बोलले ते काहीच ऐकू आलं नाही.

तर आता दोघंही सांगून टाकू. तू जर्सीचं सांग, मी टेक्सासचं सांगतो. जागा गेली तर गेली. एफीला मी सगळं सांगितलंय. तो म्हणाला, "कोच, टर्की कापायचं काम तसं वाईट नाही, पण हात फार गार पडतात."

मामा

*

ब्रोडेक
११ जानेवारी १९९५

प्रिय वेंडेल,

तू फ्लोरिडात संत्री खात असशील. इथे काल काय झालं ते बसल्या बसल्या वाच, उभ्यानं वाचू नकोस.

तुझं चार तारखेचं चार ओळींचं पत्र मिळालं होतं, की "जर्सीचं सगळं चिठ्ठीत लिहून साहेबाच्या टेबलावर ठेवलंय, त्यानं वाचली की नाही माहीत नाही." मला वाटलं, वाचली असती तर आलाच नसता. पण बरोबर दहा वाजता गाडी आली. तुझा साहेब उंच आहे आणि त्याचे बूट बर्फाचे नाहीत. चर्चच्या तळघरात सगळा गाव जमला होता. मी बोलावलं नव्हतं. झ्देन्काबाईंनी बोलावलं होतं. कोलाचे चौदा ताटं, खसखशीचे, जर्दाळूचे, आलुबुखाराचे.

साहेब बसला, एक कोलाचे खाल्ला, आणि म्हणाला, "चव्वेचाळीस कुठाय?" एफी उभा राहिला. "आणि एकाहत्तर?"

मी उठायच्या आत मागून एकाहत्तर नंबर उभा राहिला.

वेंडेल, देवाशपथ मला काही माहीत नव्हतं. झ्देन्काबाईंना तुझ्या पत्रांतून (कसं, ते तिला विचार) कळलं होतं की साहेबाला दोन पोरं हवीत. गावाला मदत म्हणून तिनं खाटकाचा नॉर्बर्ट उभा केला होता. माझ्या ट्रंकेतली जर्सी त्याच्या अंगात अर्ध्या पोटापर्यंत आली होती. तो आमच्या टीममध्ये पाणी द्यायलासुद्धा नसतो, तो बँडमध्ये ट्युबा वाजवतो. साहेब त्याच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, चल बाळा, जरा बाहेर पळून दाखव. नॉर्बर्ट बिचारा आज्ञाधारक. सगळा गाव खिडक्यांना चिकटला. सहा पावलं पळाला आणि सातव्याला बर्फात असा बसला की त्याला उठवायला तिघं लागले. मी डोळे मिटून घेतले होते.

डोळे उघडले तर एफी साहेबासमोर उभा होता. त्यानं नॉर्बर्टला आपला कोट पांघरला होता. म्हणाला, "सर, एकाहत्तर पण मीच. माझे वडील नाहीत, म्हणून कोचनी आपली जर्सी मला दिली होती. आणि माझा जन्म लरेडोचा आहे. नॉर्बर्टला कॉलेजात फुटबॉल नाही खेळायचा, त्याला फक्त कोलाचे मिळणार म्हणून सांगितलं होतं."

साहेबानं खिशातून एक कागद काढला. तुझी चिठ्ठी. चार दिवसांपासून त्याच्या खिशात होती. तो म्हणाला, मला माहीत होतं, मला बघायचं होतं की या गावात मला कोण सांगतंय. मग नॉर्बर्टकडे बोट दाखवून म्हणाला, पण हा या चिठ्ठीत नव्हता. आणि असा हसायला लागला की आलुबुखाराचा कोलाचे त्याच्या टायवर पडला. पाठोपाठ एफीची आई हसायला लागली, मग सगळा गाव. मी तेवढा हसत नव्हतो, मला टेक्सासचं स्वतः सांगायचं होतं आणि पोरानं ते आधीच सांगून टाकलं होतं.

जागेबद्दल तो एक अक्षर बोलला नाही. जाताना एवढंच म्हणाला की विगफॉल फार वेगवान आहे, बघू. सोबत बारा कोलाचे घेऊन गेला.

मामा

*

फोर्ट हॅडली
२२ जानेवारी १९९५

प्रिय मामा,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिसऱ्या वेळी ऑफिसातल्या बाईनं विचारलं की घरी सगळं ठीक आहे ना, कारण हसून हसून माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. नॉर्बर्टला माझ्यातर्फे काहीतरी खायला घाल.

आता तुला न आवडणारी गोष्ट. साहेबानं परवा मला बसवलं आणि म्हणाला, तू दोघांना पाहिलंस, एकाला मैदानात, एकाला टेपवर. कोण जास्त वेगवान? मामा, मला तेव्हा "एफी" म्हणायचं होतं. पण विगफॉल खरंच जास्त वेगवान आहे. मी तसंच सांगितलं. चांगला पोरगा आहे तो, त्याच्या आजीनं मला जेवू घातलं. साहेबानं मान हलवली आणि मला बाहेर पाठवलं. त्यानंतर काही कळलं नाही. सह्यांचा दिवस एक फेब्रुवारी. त्या सकाळी सात वाजता ज्या शाळांच्या फॅक्सवर कागद येतील ते आत, बाकीचे बाहेर.

मी माझ्या हातानं त्याची जागा घालवली असेन तर एफीला तूच सांग, माझ्याच्यानं होणार नाही. तू मला चुकीचं शिकवलंस असं काही म्हणत नाही मी. पण रात्री जेवण गेलं नाही.

वेंडेल

*

ब्रोडेक
१ फेब्रुवारी १९९५, दुपार

वेंडेल,

आला.

सात वाजून चार मिनिटांनी शाळेच्या ऑफिसात फॅक्स घरघरला आणि कागद अर्ध्यावर अडकला. एफी, त्याची आई, मुख्याध्यापिका, नॉर्बर्ट आणि मी. बाहेर काचेला नाक लावून झ्देन्काबाई, पोस्ट बंद ठेवून आलेली. अर्ध्या कागदावर विद्यापीठाचं नाव दिसत होतं, खाली कुणाचं ते दिसत नव्हतं. नॉर्बर्टनं मशीनला एक चापट मारली आणि बाकीचा बाहेर आला. एफ्राईन ओसुना. त्याची आई स्पॅनिशमध्ये बोलत होती आणि मला शब्द न् शब्द कळत होता.

मग फोन वाजला, तुझा साहेब. मी त्याला विचारलं, का? विगफॉल वेगवान आहे असं माझ्या भाच्यानंच तुम्हाला सांगितलं. तो म्हणाला, "वेग मला कुठेही मिळतो. माझ्याकडे जागा एकच होती, आणि तुमच्या गावानं मला एका जागेत दोन खेळाडू दिले, चव्वेचाळीस आणि एकाहत्तर. असा सौदा मला कॅलिफोर्नियात कुणी दिला नव्हता." विगफॉलला म्हणे कालच त्याच्या घराजवळच्या विद्यापीठानं घेतलं. आजी खूश आहे, रोज जेवू घालता येईल. वर मला टोमणा मारला की शेवटी मी टेक्सासचाच पोरगा घेतला. मी म्हटलं, घ्या ना, पण न्यायला नेब्रास्कालाच यावं लागलं.

आता मुख्य गोष्ट. त्या कागदावर खाली पोराची सही, मग आईची, मग वडील किंवा पालक अशी एक ओळ. आईनं सही केली. एफीनं पेन घेतलं आणि माझ्यापुढे धरलं.

वेंडेल, तुझ्या वेळी मी पेन खाली ठेवलं, कारण ती जागा तुझ्या बाबांची होती आणि मला वाटलं, तिथे बसायचा मला काय हक्क? नंतर दाराबाहेर तुझं तोंड बघितलं आणि कळलं की चुकलं. अठरा वर्षं कळतंय. इतक्यांदा तुला म्हणायचं म्हटलं आणि दर वेळी फुटबॉलवर बोललो. आज मात्र सही केली. ठळक केली. जरा वाकडी आलीय, पण वाचता येते.

तुझ्यावर माझा फार जीव आहे. हे लिहून टाकलंय, आता पाकीट चिकटवतो, डिंक भरपूर लावून.

मामा

*

फोर्ट हॅडली
३ फेब्रुवारी १९९५

प्रिय मामा,

साहेब सकाळी नकाशासमोर एका हातात लाल आणि एका हातात हिरवी टाचणी घेऊन बराच वेळ उभा होता. लरेडोकडे बघितलं, मग आपल्याकडे. शेवटी हिरवी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, लाव. पण नकाशावर ब्रोडेकच नव्हतं. मी पेननं लिहिलं, जरा मोठ्या अक्षरांत, आणि टाचणी लावली. आता ते ओमाहाएवढं दिसतं.

सप्टेंबरात पहिली मॅच इथे आहे. तू, एफीची आई, नॉर्बर्ट आणि झ्देन्काबाई, चार तिकिटं ठेवलीत. झ्देन्काबाईंना वेगळं कळवत नाही, हे पत्र त्यांनी वाचलंच असेल.

मामा, आईच्या पेटीत माझे जुने कागद होते, काल रात्री शोधले. सोबत एक जोडलाय, कॉलेजच्या त्या कागदाची घरी राहिलेली प्रत. १९७६ सालचा आहे, घड्या पडल्यात, पण खालची ओळ अजून रिकामी आहे. आता कुणी तो मागणार नाही, मलाच हवाय. सही कर आणि उलट टपाली पाठव. वाकडी आली तरी चालेल.

तुझा,
वेंडेल